कंपवाताचे पथ्य आणि एका शेंगेचा इतिहास

आपल्याकडे रोगाचे निदान होण्याआधीच पथ्य ठरलेले असते. घरातील वडीलधाऱ्या माणसाचा हात थरथरू लागला, चाल आखूड झाली, सदऱ्याची गुंडी लावताना बोटे अडखळू लागली, की त्यास डॉक्टराकडे नेण्याची तजवीज होण्यापूर्वी वाल, चवळी, हरभऱ्याची डाळ आणि बटाटा या वातूळ जिनसांना स्वयंपाकघरात मनाईहुकूम लागू होतो. आणि तो काढणाऱ्या गृहिणीस आपण फार जुन्या एका शास्त्राचा अंमल चालवीत आहो, याची जाणीवही नसते. कंपवाताच्या, म्हणजे पाश्चात्त्य वैद्यक ज्यास पार्किन्सनचा रोग म्हणते त्याच्या बाबतीत, या मनाईहुकमाचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे. कारण ज्या शेंगवर्गावर ही बंदी येते, त्याच वर्गातील दोन वनस्पतींच्या पोटात या रोगावरील आजचे मुख्य औषध निसर्गतःच साठलेले असते, आणि मनुष्याने ते शुद्ध रूपात प्रथम खाऊन पाहिले तेही प्रयोगशाळेच्या भट्टीत घडविलेले नव्हे, बागेतल्या शेंगेतून काढलेले.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील अठ्ठाविसावा अध्याय वातव्याधींचा असून त्यात कंपाचा, म्हणजे वेपथूचा, निर्देश येतो. कंपवात हे स्वतंत्र नाव पुढील काळातील ग्रंथांतून स्थिरावत गेले. परंतु आहाराच्या इतिहासाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची जागा सूत्रस्थानातील अन्नपानाच्या अध्यायात आहे. तेथे शेंगधान्ये सामान्यतः रूक्ष व कोठ्यात वात वाढविणारी म्हणून सांगितली असून उडीद मात्र त्यास अपवाद, म्हणजे स्निग्ध, उष्ण आणि वातशामक मानलेला आहे. आणि त्याच वर्गात पुढे आत्मगुप्तेचे बी हेही उडदाच्याच गुणाचे समजावे, अशी नोंद केलेली आहे. आत्मगुप्ता म्हणजे कपिकच्छू, म्हणजेच आपली खाजकुइली. औषधींच्या पाठांत तिचे नाव अन्यत्र पुष्कळदा येते. पण येथे ती धान्यांच्या पंगतीत बसलेली आहे.

ज्यांनी कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाळ्यानंतर रानातून वाट काढली असेल, त्यांस ही वेल निराळी ओळखावी लागत नाही. तीच आपली ओळख करून देते. दोन्ही टोकांस उलटसुलट वळलेली, बोटभर लांबीची शेंग, तिच्यावर सोनेरी तपकिरी रंगाची मखमलीसारखी लव, आणि ती लव वाऱ्याने जरी अंगावर उडाली तरी घटका-दोन घटका थांबू नये अशी खाज. शेंग उकलली म्हणजे आत चार-सहा गुळगुळीत, काळ्या वा ठिपकेदार बिया निघतात. वैद्य त्या दुधात शिजवून, साल काढून, वाळवून त्यांचे चूर्ण करीत व मुख्यतः वाजीकरणासाठी देत. वातव्याधींवरील प्रसिद्ध माषबलादि काढ्यातही उडदाबरोबर खाजकुइली आहेच. गंमत अशी की, युरोपीय वैद्यांनी या वेलीची जी दखल घेतली ती बियांकरिता नव्हे, लवेकरिता: ती काकवीसारख्या पाकात कालवून जंतांवर पोटात देण्याचा शिरस्ता त्यांच्याकडे पुष्कळ काळ होता.

या आधारावर आमच्या पूर्वजांस पार्किन्सनचे औषध हजारो वर्षे ठाऊकच होते, असे अभिमानाने सांगणारे लेख अधूनमधून वाचावयास मिळतात. प्रस्तुत लेखकास हा पक्ष टिकाऊ वाटत नाही. वातव्याधी या एका सदराखाली पक्षाघात, मन्यास्तंभ, गृध्रसी आणि कंप असे नाना विकार एकत्र नांदत होते, आणि खाजकुइली त्यांस लागू पडते ती बल देणारी व स्निग्ध म्हणून, असे त्या शास्त्राचे म्हणणे होते. अनुभवाने त्यांनी एक चांगले बी निवडले होते, एवढे श्रेय निर्विवाद आहे. त्यापुढचे श्रेय ओढून आणल्याने त्यांची थोरवी वाढत नाही.

इकडे लंडनच्या हॉक्स्टन भागातील जेम्स पार्किन्सन या वैद्याने, जो भूगर्भशास्त्राचाही मोठा व्यासंगी होता, १८१७ साली कंपयुक्त पक्षाघातावर एक छोटेखानी निबंध प्रसिद्ध केला. त्यात अवघ्या सहा रुग्णांची हकीकत आहे, आणि त्यांतील काही तर त्याने रस्त्यात पाहिलेले होते. घास तोंडापर्यंत नेण्याची मारामार, तोंडात अन्न घोळत राहणे, गिळण्यास पडणारे कष्ट आणि हट्टी मलावरोध, या आहाराशी निगडित गोष्टींची त्याने केलेली नोंद आजही जशीच्या तशी लागू पडते; उपाय मात्र त्याने सुचविला तो मानेजवळून रक्त काढण्याचा. पुढे पॅरिसच्या शार्को याने रोगास पार्किन्सनचे नाव दिले, आणि धोत्र्याच्या कुळातील विषारी वनस्पतींचे अर्क अल्प मात्रेत देण्याचा प्रघात पाडला, जो विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत निरनिराळ्या रूपांत चालू राहिला. या दीर्घ मुदतीत रुग्णाने काय खावे हा प्रश्न वैद्यकाच्या दप्तरी जवळजवळ दाखलच झालेला नव्हता.

तो दाखल झाला तो आडवाटेने. कासिमिर फुंक या वॉर्सात जन्मलेल्या रसायनशास्त्रज्ञाचे नाव आपल्याकडील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते, कारण तांदळाच्या कोंड्यातील बेरीबेरीनाशक द्रव्याचा शोध घेता घेता त्यानेच १९१२ साली ‘व्हिटॅमिन’ हा शब्द घडविला. परंतु त्याच्या आदल्याच वर्षी, १९११ साली, लंडनच्या लिस्टर संस्थेत काम करीत असता त्याने डोपा नावाचे एक अमिनो आम्ल कृत्रिम रीतीने तयार केले होते, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. जीवनसत्त्वाचे बारसे करणारा आणि कंपवाताच्या भावी औषधाचा पहिला घडविता हा एकच पुरुष होता. आणि ही दोन अपत्ये पुढे अर्धशतकाने एकमेकांशी भांडणार आहेत, याची त्यास कल्पना असणे शक्य नव्हते.

लगोलग १९१३ साली स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या हॉफमन-ला रोश या औषधी कंपनीतील मार्कुस गुगेनहाइम याने तेच द्रव्य निसर्गातून वेगळे काढले, आणि त्यासाठी वापरलेल्या शेंगा कंपनीच्या मालकाच्या बागेतल्या होत्या. ही शेंग म्हणजे उत्तर हिंदुस्थानात जिला बाकला म्हणतात ती. आपला वाल किंवा पावटा नव्हे, हा खुलासा येथेच केलेला बरा, कारण या घोटाळ्यापायी वालाच्या बिरड्यांस नसते औषधी गुण चिकटविले जातात. गुगेनहाइमने शुद्ध केलेले द्रव्य सुमारे अडीच ग्रॅम स्वतःच खाऊन पाहिले. त्यास जबरदस्त वांत्या झाल्या. प्राण्यांवरही काही विशेष परिणाम न दिसल्यामुळे हे द्रव्य निरुपयोगी ठरवून प्रकरण तहकूब करण्यात आले, ते जवळजवळ पन्नास वर्षे तसेच पडून राहिले.

याच अवधीत, १९३७ साली, मद्रास विद्यापीठाच्या जीवरसायन प्रयोगशाळेत दामोदरन आणि रामस्वामी या दोघांनी खाजकुइलीच्या बियांतून हाच डोपा वेगळा काढला. चरकाच्या पंगतीतले बी आणि रोशच्या बागेतली शेंग यांचा सांधा असा जुळला. मात्र तो कशाच्या उपयोगी आहे हे तेव्हा मद्रासेत ठाऊक नव्हते आणि बाझेलातही नव्हते. दुसरा सांधा जुळला तो सर्पगंधेमुळे, आणि त्यात मुंबईचा हात आहे. रुस्तम जाल वकील या मुंबईच्या हृदयरोगतज्ज्ञांनी १९४९ साली उच्च रक्तदाबावरील सर्पगंधेच्या गुणाचा आपला अनुभव इंग्लंडातील एका वैद्यकीय नियतकालिकात छापला, तेव्हा पाश्चात्त्य जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले. १९५२ साली बाझेल येथे तिच्यातून रेसरपीन हे द्रव्य निघाले. आणि ते भरपूर मात्रेत घेणाऱ्या काही रुग्णांत चक्क कंपवातासारखी लक्षणे दिसू लागली. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी १९५७ साली रेसरपीन दिल्यामुळे कान पाडून निश्चेष्ट पडलेल्या सशांना डोपा टोचला, आणि थोड्याच वेळात ते हिंडूफिरू लागले. तिथून पुढील घटना भराभर घडल्या. १९६० साली व्हिएन्नात एरिंगर आणि हॉर्निकिविच यांनी कंपवाताने निवर्तलेल्यांच्या मेंदूत, डोपापासून बनणाऱ्या डोपामिन या द्रव्याचा दुष्काळ असल्याचे दाखविले. १९६१ साली तेथेच बिर्कमायर यांच्या सहकार्याने रुग्णांच्या शिरेतून डोपा देण्यात आला. आणि १९६७ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेतील जॉर्ज कोट्झिआस या क्रीट बेटावर जन्मलेल्या डॉक्टराने गुगेनहाइमच्या वांत्यांचा बंदोबस्त केला. त्याची युक्ती साधी होती: मात्रा अगदी थोडी सुरू करावयाची आणि आठवड्यांच्या हिशेबाने चढवीत न्यावयाची, पार दिवसाला सोळा ग्रॅमपर्यंत. पुढे डोपाचा डावा भाग, म्हणजे लेव्होडोपा, तेवढाच वापरू लागल्यावर मात्रा पुष्कळ उतरली.

या औषधाची कुळी ध्यानात घेतल्याखेरीज त्याचे पथ्य कळत नाही. लेव्होडोपा हे अमिनो आम्ल आहे. वरण, दूध, मासे, अंडी यांतील प्रथिने पचल्यावर जी द्रव्ये निघतात त्यांचे ते सगोत्र भावंड. शरीर त्यास परके औषध म्हणून न वागविता अन्न म्हणूनच वागविते, आणि अन्नाला जे नियम, जे नाके, जे अडथळे लागू आहेत ते सर्व यासही लागू होतात.

पहिला खटका उडाला तो जीवनसत्त्वाशीच. ब६ हे जीवनसत्त्व १९३८ साली शुद्ध रूपात हाती आले आणि पुढल्याच वर्षी कृत्रिम रीतीने बनू लागले. त्या काळी नवे जीवनसत्त्व निघाले की ते प्रत्येक असाध्य रोगावर देऊन पाहण्याची एक हौसच होती. त्याप्रमाणे न्यूयॉर्कच्या नॉर्मन जॉलिफ यांनी १९४० साली ते कंपवाताच्या रुग्णांस दिले व काहींना गुण आल्याचे नमूद केले. पुढच्यांस तो अनुभव आला नाही आणि आशा मावळली. मग लेव्होडोपाचे युग अवतरले, आणि १९६९ साली न्यूयॉर्कच्याच डूव्हॉइझिन, यार आणि कोटे यांनी दाखवून दिले की, ज्या रुग्णांची प्रकृती नव्या औषधाने सुधारली होती त्यांस ब६ दिले असता सारा गुण मावळतो. कारण असे: लेव्होडोपाचे डोपामिनात रूपांतर करणाऱ्या एन्झाइमास ब६ची मदत लागते, हे जीवनसत्त्व मुबलक झाले म्हणजे ते रूपांतर मेंदूबाहेरच, आतड्यात आणि यकृतात, उरकून जाते, आणि तयार झालेल्या डोपामिनास मेंदूत शिरण्याचा परवाना नाही. मग ब६ वगळलेल्या बहुजीवनसत्त्वाच्या गोळ्या बाजारात आल्या, आणि रुग्णांच्या आहारातून केळी, यकृत, कडधान्ये यांस काट मिळाली. ही काट अनाठायी होती असेच म्हणावे लागते. औषध निष्प्रभ करण्यास दहा-पंचवीस मिलिग्रॅम ब६ लागे, आणि मध्यम आकाराच्या केळ्यात ते अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी असते. म्हणजे किमान मात्रा गाठण्यासाठीसुद्धा रुग्णास दिवसाकाठी वीस-पंचवीस केळी खावी लागली असती.

सत्तरीच्या दशकात लेव्होडोपाच्या जोडीला कार्बिडोपा किंवा बेन्सेराझाइड हे द्रव्य घालून गोळी बनू लागली. ते मेंदूबाहेरील रूपांतरच अडवून धरते; त्यामुळे मात्रा सुमारे पाऊण हिश्शाने उतरली, वांत्या कमी झाल्या आणि ब६चे भय जवळजवळ नाहीसे झाले. आज आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक सर्व गोळ्या या जोडीच्याच आहेत. तरीही केळी वर्ज्य करण्याचा सल्ला अद्याप कानी येतो. हुकूम रद्द झाला तरी तालुक्याच्या कचेरीत तो चालूच राहावा, त्यातला हा प्रकार. उलट, कार्बिडोपा स्वतःच ब६ला बांधून टाकीत असल्याने फार मोठी मात्रा दीर्घकाळ घेणाऱ्या काहींत या जीवनसत्त्वाची उणीवच निर्माण होते, असे अलीकडे दिसून आले आहे. १९४० साली आशा, १९६९ साली आरोपी आणि आता कमतरता, असा एका जीवनसत्त्वाचा प्रवास आहे.

दुसरा खटका प्रथिनांशी, आणि तो अद्याप मिटलेला नाही. मेना आणि कोट्झिआस यांनी १९७५ साली प्रथिनांच्या प्रमाणाचा औषधाच्या गुणावर परिणाम होतो असे मांडले. १९८४ साली ओरेगनचे जॉन नट आणि त्यांचे सहकारी यांनी औषध थेट शिरेतून देऊन, रक्तातील त्याची पातळी कायम असतानाही, प्रथिनयुक्त जेवणानंतर रुग्ण पुन्हा जखडतो हे सिद्ध केले. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत शिरण्यासाठी लेव्होडोपास जी देवडी ओलांडावी लागते तीच देवडी प्रथिनांतील अनेक अमिनो आम्लांची आहे. जेवणाची वरात एकदम लोटली, की एकट्या लेव्होडोपास बाहेर ताटकळत बसावे लागते. १९८७ साली येल विद्यापीठातील पिंकस आणि बॅरी यांनी यावर तोड काढली: दिवसा प्रथिने दहा ग्रॅमच्या आत ठेवावी आणि दिवसाचा उरलेला सारा वाटा रात्रीच्या जेवणात घ्यावा, म्हणजे कामाच्या वेळी हातपाय मोकळे राहतील.

या तोडीची आपल्या ताटाशी सांगड घालून पाहिली की अडचण समजते. एक पेला दूध आणि वाटीभर वरण एवढ्यातच दहा ग्रॅमची मर्यादा ओलांडली जाते. सकाळच्या चहाचे दूध, न्याहारीची थालीपिठे आणि दुपारचा दहीभात अजून बाकीच असतो. शिवाय कंपवाताचा रुग्ण आधीच हाडकुळा होत चाललेला असतो, आणि त्याची प्रथिने तोडणे म्हणजे त्याचे बळच तोडणे. म्हणून आज बहुतेक तज्ज्ञ प्रथिनांची वाटणी बदलण्याचा सल्ला सरसकट सर्वांस देत नाहीत; गुण येणे आणि जाणे ज्यांच्या बाबतीत दिवसातून अनेकदा घडते, अशांपुरताच तो ठेवतात. सर्वांस लागू पडणारी गोष्ट त्याहून सोपी आहे: गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास, साध्या पाण्याबरोबर. आपल्याकडे औषध पोटात जळजळू नये म्हणून दुधाबरोबर देण्याची जी माया आहे, ती या एका गोळीच्या बाबतीत आवरावी लागते. लोहाच्या गोळीलाही असाच विटाळ पाळावा, कारण लोह आणि लेव्होडोपा पोटात एकमेकांस धरून बसतात.

ई जीवनसत्त्वाची कहाणी थोडक्यात आटोपण्यासारखी आहे. पेशींचा गंज थोपविणाऱ्या द्रव्यांनी रोगाची वाढ रोखली जाईल या उमेदीने अमेरिका आणि कॅनडातील ८०० रुग्णांवर मोठा प्रयोग झाला. रोज २००० एककांइतके ई जीवनसत्त्व देऊनही काही लाभ होत नाही, असा निकाल १९९३ साली जाहीर झाला. कोएन्झाइम क्यू-१० या महागड्या द्रव्याचाही पुढे असाच निकाल लागला. औषधांच्या दुकानांत ही दोन्ही अजून दिमाखाने मांडलेली असतात.

ब१२ची गोष्ट मात्र निराळी, आणि आपल्याकडे ती विशेष लागू आहे. लेव्होडोपाच्या पचनात शरीरात होमोसिस्टीन हे द्रव्य वाढते, ते निकालात काढण्यास ब१२ खर्ची पडते, आणि मोठ्या मात्रेवर असलेल्या रुग्णांच्या पायांस त्याच्या अभावी बधिरपणा व मुंग्या येऊ शकतात, ज्या घरच्यांना रोगाचाच भाग वाटतात. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली पुणे व परिसरातील मध्यमवयीन पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली, तीत सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांत ब१२ कमी आढळले होते. शाकाहार हे त्याचे एक मोठे कारण. ज्या समाजात निरोगी माणसाचीच तिजोरी अशी रिकामी, तेथे कंपवाताच्या रुग्णाचे रक्त एकदा तपासून घेणे अगत्याचे ठरते. ड जीवनसत्त्वाचेही तसेच: घरात बसून राहणारा, तोल जाऊन पडणारा वृद्ध आणि ठिसूळ हाडे, हा योग वाईट.

आणि खाजकुइली? तिचा खटला मुंबईत पुन्हा उभा राहिला. १९७८ साली मुंबईच्या संशोधकांनी तिच्या बियांच्या चूर्णाने कंपवाताच्या रुग्णांवर केलेल्या उपचारांची माहिती ‘न्यूरॉलॉजी इंडिया’त दिली, १९९५ साली तिच्या बियांपासून बनविलेल्या एच. पी.-२०० या चूर्णाची अनेक केंद्रांत ६० रुग्णांवर बारा आठवडे झालेली तपासणी प्रसिद्ध झाली व तीत रुग्णांस स्पष्ट गुण आढळला. लंडनच्या आठ रुग्णांवरील २००४ सालच्या तुलनेत तिचा असर प्रचलित गोळीपेक्षा लवकर दिसला आणि अधिक टिकला. गोळ्या परवडत नाहीत अशा गरीब देशांतील रुग्णांसाठी तिचा विचार व्हावा, म्हणून बोलिव्हियातही प्रयोग झाले, त्यांचा निष्कर्ष २०१७ साली आला. म्हणजे बी खरोखरच कामाचे आहे; त्याबद्दल शंका उरत नाही.

परंतु तेच भयाचे कारण आहे. बियांत लेव्होडोपाचे प्रमाण साधारणतः शेकडा तीन ते सहा असते, आणि जात, जमीन व शोधनाची रीत यांप्रमाणे ते बदलते. दुकानातील पुडीवर ते बहुधा लिहिलेले नसते. जो रुग्ण आधीच गोळ्या घेत आहे त्याने वर चूर्ण सुरू केले, तर त्याच औषधाची मात्रा त्याच्या नकळत वाढते, आणि अंगास आचके, भ्रम किंवा उठताना अंधारी येणे असे प्रकार घडले की दोष रोगाच्या माथी मारला जातो. तेव्हा वाचकांस विनंती एवढीच की, कंपवाताच्या रुग्णास डॉक्टराकडे नेताना चूर्णाची पुडी, जीवनसत्त्वाची बाटली आणि लोहाची गोळी बरोबर न्यावी, गोळीच्या व जेवणाच्या आठवडाभराच्या वेळा कागदावर टिपून न्याव्या, आणि ‘हे तर साधे आयुर्वेदिक आहे’ म्हणून त्यांतले काही घरी ठेवू नये.